‘भरती’चा लेखक

फ्लीटवुड,
२३ सप्टेंबर

प्रिय रो,

तुझं पार्सल पोचलं. पोस्टमन ते पायरीवर ठेवून गेला आणि शेजारच्या कुत्र्याने त्याचा एक कोपरा चावला. तुझ्या नव्या पुस्तकाची छपाईआधीची प्रत शाबूत आहे. कुत्राही मजेत आहे. तुझी भयकथांची पुस्तकं हातात घेतल्यावर लोकांचं जे होतं म्हणतात, ते त्याचं काही झालेलं दिसत नाही.

इकडे सगळं ठीक. ग्लेंडाचा गुडघा पूर्वीपेक्षा बरा आहे, म्हणजे ती आता आपल्या नवऱ्यापेक्षा जोरात चालते आणि वळून वळून टोमणे मारते. मळ्यातल्या शेंगा संपल्या, लीकचे पातकांदे अजून उभे आहेत. गुरुवारी मी अजूनही त्या धर्मादाय दुकानात लोकांनी दिलेली जुनी पुस्तकं लावायला जातो. गेल्या आठवड्यात पिशवीतून माझीच ‘चिचुंद्री’ निघाली. काय सांगू, मुखपृष्ठावरचा तो चंदेरी रक्ताचा थेंब अजून चकाकतोय! आतला कागद मात्र बिस्किटासारखा झालाय. तुझं पुस्तक त्या दुकानात कधीच येत नाही. दुकान सांभाळणाऱ्या बाई मला दर वेळी बजावतात, “माल्कम, रोवेना हॅसलमचं काही आलं तर बाजूला ठेवा हं, माझ्या बहिणीला हवंय.” ठेवतो म्हणतो. पण लोक तुझी पुस्तकं देऊन टाकत नाहीत, त्याला मी काय करू?

तुझ्या कादंबरीवरची टीव्ही मालिका आम्ही पाहिली नाही. नेमकी त्याच वेळी जेवणाची गडबड असते. फक्त त्या मीटर बघायला येणाऱ्या माणसाचा कोट चुकलाय एवढं सांगतो. तुझ्या कादंबरीत तो कोट त्याच्या मापाचा नव्हता, आणि सगळी भीती त्यातच होती. टीव्हीवाल्यांनी त्याला छान शिवलेला कोट दिलाय. तिसऱ्या भागात तर चक्क इस्त्री केलेला.

आता तुझ्या मागणीबद्दल. मुखपृष्ठासाठी माझी एक ओळ हवी म्हणतेस. आपली जुनी रीत आहे हे खरंच. बोल्टनच्या त्या पबच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा जमायचो, एकमेकांना गोष्टी वाचून दाखवायचो आणि ज्याचं पुस्तक येईल त्याला बाकीच्यांनी शिफारशीची ओळ द्यायची, असं ठरलेलं होतं. तुझ्या पहिल्या पुस्तकाला मीच दिली होती. आठवतं ना? प्रकाशकाने माझं नाव तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापलं होतं, कारण तेव्हा स्टेशनांवर खपायचो तो मी. तू बिचारी जिल्हा परिषदेच्या गृहनिर्माण खात्यात लोकांच्या भिंतींवरच्या ओलीच्या तक्रारी लिहून घेत होतीस. मुखपृष्ठ पाहून तू हसली होतीस आणि मला एक बिअर पाजली होतीस. मला ती फार गोड लागली होती, हे आज सांगायला हरकत नाही.

पण या वेळी जमेल असं वाटत नाही. एक तर माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. आणि माझी कादंबरी, ‘भरती’, अगदी शेवटच्या टप्प्यात आहे, अशा वेळी दुसऱ्याचं गद्य डोक्यात गेलं की आपलं बिघडतं, हे तुला मी सांगायला नको. त्यामुळे तुझं पुस्तक मी अजून उघडलेलंही नाही. तुझी नायिका विनिफ्रेड त्या शर्टाला इस्त्री करते आणि बाही आतून कोमट लागते ती जागा तेवढी पाहिली. ते पान आपोआप उघडलं, कुत्र्याने चावलं होतं ना.

‘भरती’साठी तू तुझी ओळ आधीच लिहून ठेवली आहेस, हे वाचून बरं वाटलं. पण घाई कशाला? पुस्तक तर येऊ दे.

ग्लेंडा तुझी आठवण काढते. ती तुझं पुस्तक मागत होती. मी म्हटलं, काम झाल्यावर देतो.

तुझा,
माल्कम

◆

फ्लीटवुड,
९ ऑक्टोबर

रोवेना,

आज मायना लांबवत नाही, कारण मी रागावलो आहे.

काल दुपारी तुझ्या त्या संपादिकेचा, टॅमसिनचा, फोन आला. आवाजावरून नुकतीच शाळा सुटलेली वाटली. म्हणाली, “मिस्टर रॅम्सडेन, आम्ही तुमच्या ओळीची वाट बघतोय! जागा सोडून ठेवलीय.”

मी म्हटलं, “मी ‘नाही’ म्हणून कळवलंय.”

“हो, पण रोवेना म्हणाल्या, तो आधी नाहीच म्हणतो, मग देतो. आणि खाली तुमची ओळख काय छापायची तेही त्यांनी सांगितलंय. ‘माल्कम रॅम्सडेन, ‘भरती’चे लेखक’. वसंतात येतंय ना तुमचं? कुणाकडून येतंय? मला कुठे माहिती सापडली नाही.”

“‘चिचुंद्री’चे लेखक असं का छापत नाही?” मी विचारलं.

पोरगी म्हणाली, “ते लहान मुलांचं होतं का?”

तू हसशील. हस. पण मला न विचारता माझ्या पुस्तकाची दवंडी तू तुझ्या मुखपृष्ठावर पिटणार, हे तुला कुणी सांगितलं? माझ्या पुस्तकाची बातमी मी देईन, मला वाटेल तेव्हा. तुझ्या पुस्तकाच्या एवढ्या प्रती निघणार, आणि उद्या प्रत्येक दुकानात कुणीतरी ‘भरती’ मागणार! तुला हे उपकार वाटत असतील. मला नको आहेत.

आणि विषय निघालाच आहे तर सांगतो. हो, तुझं पुस्तक मी वाचलंय. पार्सल आलं त्याच दिवशी वाचलं. आता खरं मत ऐक.

रो, तू चाळीस वर्षं एकच गोष्ट लिहिते आहेस. एक साधं घर, एक साधी बाई, काहीतरी एवढंसं बिनसलेलं. भिंतीवर डाग, नाहीतर जिन्यावरचं पायपुसणं रोज थोडं सरकलेलं. या खेपेला धुण्याची दोरी. मूल गमावलेली बाई कपडे वाळत घालते आणि दोरीवर रोज एक कपडा जास्त निघतो. आधी झबलं, मग शाळेचा सदरा, मग मोठ्या माणसाचा शर्ट. ती ओरडत नाही, पळत नाही, धुते, वाळवते, घडी घालून कपाटात ठेवते. भूत कुठे आहे? तू दार उघडतेस, वाचकाला उंबऱ्यावर उभं करतेस आणि दिवा लावत नाहीस. समीक्षक म्हणतात, काय हा संयम! मी दाखवायचो. माझ्या पुस्तकात चिचुंद्र्या थडग्यातून निघून पाद्र्याचा पाय खायच्या, आणि बोटं वाचकाला मोजता यायची. तेव्हा त्यांनी मला खाटीक म्हटलं. न दाखवणं ही कला आणि दाखवणं म्हणजे खाटीकखाना, हा न्याय कुठला?

आणि आपल्या लेखकांच्या वार्षिक मेळाव्यात काय होतं तेही आज बोलून टाकतो. गेल्या वर्षी त्या हॉटेलात तुझ्या सहीसाठी रांग लागली होती, पार लिफ्टपर्यंत. मी तुझ्यासाठी चहा घेऊन आलो तर एका पोराने मला अडवलं, “रांगेत या, काका.” मी म्हटलं, मी लेखक आहे. तो म्हणाला, “हो का? मला वाटलं तुम्ही रोवेनाचे मिस्टर.” तो चहा मी स्वतःच पिऊन टाकला. तू नंतर विचारलंस, चहा कुठे गेला? मी सांगितलं, संपला होता.

माझ्या पोटात दुखतं, रो. तुला बक्षीस मिळालं की दुखतं, तुझी मुलाखत ऐकली की दुखतं. तू मुलाखतीत माझं नाव घेतलंस की सगळ्यात जास्त दुखतं, कारण ते तू घेतलं नसतंस तर कुणी घेतलंच नसतं.

बरं, एवढं करून पुस्तक तरी निर्दोष आहे का? नाही! विनिफ्रेड शेवटी तो शर्ट घेऊन हेशमच्या किनाऱ्यावर जाते, ते प्रकरण लंगडं आहे. इतकी पानं तू तिला तिकडे चालवत नेतेस, आणि वाळूवर पोचल्यावर ती गॅस चालू राहिल्याची आठवण झाल्यासारखी मागे फिरते. का फिरते? तुलाच माहीत नाही. तिथे काहीतरी हवं होतं. तू घाबरलीस, किंवा कंटाळलीस. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

ओळ मिळणार नाही. टॅमसिनला कळव.

माल्कम रॅम्सडेन

◆

फ्लीटवुड,
२१ ऑक्टोबर

प्रिय रो,

तुझं पोस्टकार्ड शुक्रवारी आलं. जेवणाच्या टेबलावर मीठदाणीला टेकवून ठेवलेलं होतं. ग्लेंडा म्हणाली, “उघडं कार्ड आहे. पोस्टमनने वाचलं, मी वाचलं, आता तू वाच.”

तुझी चारच वाक्यं होती, पण मी ती उभ्यानेच वाचली. ‘तुझं बरोबर आहे, ते प्रकरण लंगडंच आहे. तिथे समुद्र होता, विनिफ्रेड पाण्यात जात होती. पण तो उपसागर आणि ती भरती तुझ्या पुस्तकाची आहे, म्हणून मी ते सगळं काढून टाकलं. बाकी शिव्या मान्य, पुस्तक आवडलं का एवढं सांग.’

मी खुर्चीत बसलो. ग्लेंडा बटाटे सोलत होती, हातातलं काम तिने थांबवलं नाही.

“तिने समुद्र काढला,” ती म्हणाली. “कशासाठी? तुझ्या त्या एका वाक्यासाठी?”

“ते वाक्य चांगलं आहे,” मी म्हटलं.

“असेल. मी गेली सहा वर्षं तेच ऐकतेय. आधी त्यात गलबत होतं, मग होडी झाली, आता काय आहे?”

“आता काही नाही. नुसतं पाणी.”

“झालं तर मग. तिला कळव.”

“कसं कळवू? काय सांगू तिला?”

“मला नको विचारूस. मेळाव्यात बिअर घेऊन ‘भरती आता संपतच आली’ असं सांगत हिंडायचास तेव्हा मला विचारलं होतंस? मी आपली शेजारी उभी, शेंगदाणे खात. नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही म्हणून गप्प बसले. पण त्या बाईने तुझ्यापायी स्वतःच्या पुस्तकाचं नाक कापून घेतलंय, माल्कम. तू नाही लिहिलंस तर मी लिहीन. आणि माझं अक्षर चांगलं आहे.”

तर रो, ‘भरती’ नाही. शेवटच्या टप्प्यात नाही आणि पहिल्या टप्प्यातही नाही. एक नाव आहे आणि एक वाक्य. मी रोज सकाळी मागच्या खोलीत जाऊन बसतो, ग्लेंडा अकराला चहा आणून ठेवते, आणि दुपारपर्यंत मी ते वाक्य खोडून पुन्हा तेच लिहितो. पहिल्यांदा तुला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, बोलून टाकलं की लिहावंच लागेल. मग तू दर नाताळच्या कार्डात ‘भरती कुठवर आली?’ असं विचारायला लागलीस. तुझ्याइतकं मनापासून दुसरं कुणी विचारत नव्हतं, म्हणून तुला नाही म्हणवेना. तुझ्या एकामागून एक कादंबऱ्या येत होत्या. मी काय, लीक लावलेत म्हणून सांगू?

म्हणून त्या पोरीचा फोन आला तेव्हा मला घाम फुटला होता. तुझ्या संयमावर, तुझ्या डागांवर मी जी आग ओकली, ती त्या घामाची होती. थोडंफार खरंही होतं. मालिकेतला कोट तर नक्कीच चुकलाय.

आता जे लिहिणार आहे ते ग्लेंडालाही माहीत नाही. कार्ड आल्यावर मी लगेच लिहायला बसलो असं समजू नकोस. शनिवार-रविवार गप्प बसलो. आणि रो, मला बरं वाटत होतं. मी बंदराच्या बाजूने फिरायला गेलो, मासे-चिप्स घेतले, व्हिनेगर जरा जास्तच मारलं, आणि मनात म्हटलं, छापू दे तसंच. एकदा तरी लोकांना म्हणू दे की रोवेना हॅसलम शेवटाला कमी पडली. मी काही केलेलं नाही, नुसतं बोलायचं नाही एवढंच. माझं न लिहिलेलं पुस्तक तुझ्या लिहिलेल्या पुस्तकाला भारी पडतंय! इतका आनंद मला ‘चिचुंद्री’ची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हाही झाला नव्हता. मी असा माणूस आहे. तुझा चाळीस वर्षांचा मित्र.

पण काल ते प्रकरण परत काढलं. वाईट किती आहे ते पुन्हा चाखावं म्हणून काढलं, खोटं कशाला सांगू? विनिफ्रेड शर्ट उराशी धरून वाळूवरून चालली आहे. पाणी लांब आहे, पण आपल्या उपसागरात ते कसं येतं हे मला माहीत आहे. समोरून येतच नाही. बाजूच्या ओहोळांतून आधी मागे येतं आणि माणसाला वाटतं आपण अजून कोरड्यात आहोत. तू तिच्या बुटांच्या खुणांत पाझर दाखवला आहेस. एवढं एक वाक्य काढायचं विसरलीस. त्या वाक्यावर माझ्या मानेवर काटा आला. मी पुढचं पान उलटलं, आणि ती मागे फिरली.

मला राग आला. तुझा नाही, माझा. रो, मला ते पान वाचायचं आहे! पाण्यात काय होतं? त्या शर्टाच्या बाहीत तिथे हात आला का? तू दाखवणार नाहीस, मला पक्कं माहीत आहे. बाहीला नुसतं वजन येईल आणि तू प्रकरण संपवशील, आणि मला आठवडाभर धुण्याच्या दोरीकडे बघवणार नाही. सहा वर्षं मी त्या समुद्राकडे खिडकीतून बघतोय, त्यातून काहीही बाहेर आलं नाही. तू रॉचडेलला बसून, घरासमोर बसस्टॉप, आणि तुला तो बुटाच्या खुणेत सापडला. हे असं कसं होतं, ते मला शेवटपर्यंत कळणार नाही, आणि मी तुला ते शेवटपर्यंत माफ करणार नाही.

फोन करणार होतो. पण फोनवर तू लगेच ‘अरे, त्यात काय एवढं’ म्हणाली असतीस, आणि ते मला सहन झालं नसतं. टॅमसिनला मात्र केला. छपाई महिनाअखेरपर्यंत थांबवते म्हणाली. कारण विचारत होती, मी सांगितलं, रोवेनाचा एक समुद्र माझ्याकडे राहिलाय. तिला वाटलं मला बरं नाही.

तेव्हा तो परत घाल. पहिल्यांदा होता तसाच्या तसा घाल. माझी आठवण ठेवून एक थेंबही कमी करू नकोस. तो माझा नव्हता. मी फक्त त्याच्या शेजारी राहतो.

माझ्या पुस्तकासाठी लिहून ठेवलेली ओळ फाडून टाक. काय होती ते मला सांगू नकोस, तुला माझी आण आहे. चांगली असणार, आणि ती मी कशाला लावू?

ग्लेंडाने काल तुझं पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. शेवटाच्या आधी थांब, असं मी तिला सांगितलंय. आज सकाळी कपडे वाळत घालायला तिने मला पाठवलं.

आवडलं का, विचारतेस. मुखपृष्ठासाठी ओळ पाठवतो आहे, त्यातच उत्तर आहे. शब्द बदलू नका: ‘हे पुस्तक मी लिहिलेलं नाही, याचा मला संताप येतो.’

खाली माझं नाव लहान अक्षरात छापलं तरी चालेल. ओळख छापायची नाही. टॅमसिन विचारील, कशाचे लेखक म्हणून लिहू? तिला सांग, ही सही जशी आहे तशीच घ्यायची.

तुझा,
माल्कम रॅम्सडेन.
पुढे काही नाही.